ड्रॉपासून ट्रॉफीपर्यंत: स्पर्धेबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. शालेय स्पर्धांच्या या चारही पायऱ्या आपलं मूल मराठीत चढतं. मग राज्याच्या संघात निवड होते, ते परराज्यात राष्ट्रीय स्पर्धेला उतरतं आणि इंग्रजी एकदम अंगावर येतं. भिंतीवर चिकटवलेला कागद इंग्रजीत, माइकवरची घोषणा इंग्रजीत, जेवणाच्या रांगेत मणिपूरच्या मुलीने विचारलेला प्रश्नही इंग्रजीत. अशाच एका स्पर्धेत टेबलावरच्या माणसाने आमच्या मुलींना सांगितलं, ‘यू हॅव अ बाय.’ मुलींनी बॅगा उचलल्या आणि रडवेल्या चेहऱ्याने बाहेर आल्या. आपल्याला निरोप दिला असं त्यांना वाटलं. खरं तर त्या न खेळता दुसऱ्या फेरीत पोचल्या होत्या.

तेव्हापासून मी खेळणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे शब्द मुद्दाम शिकवते. शब्द अवघड नाहीत. सेमी, फायनल, ड्रॉ, टाय, नॉकआउट हे सगळे आपल्या तोंडात आहेतच. अडचण दोन ठिकाणी येते. काही शब्द आपण मराठी बोलताना एका अर्थाने वापरतो आणि इंग्रजीत त्यांचा अर्थ वेगळा निघतो. काही शब्दांचा अर्थ कळतो, पण त्यांच्या मागेपुढे काय लावायचं ते माहीत नसतं, त्यामुळे वाक्य अर्ध्यावर अडतं.

म्हणून यादी पाठ करू नका. एक स्पर्धा निवडा आणि पहिल्या दिवसापासून तिच्या मागोमाग चाला. मी २०२५ ची महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा घेते. जॉर्जिया देशातल्या बटुमी शहरात ती झाली आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने १९व्या वर्षी ती जिंकली. लागणाऱ्या शब्दांतले निम्मेअधिक तिच्या त्या तीन आठवड्यांत भेटतात. उरलेल्यांसाठी मधूनमधून क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल आणि कुस्तीकडे वळू.

पायरी १: स्पर्धेचं नाव नीट वाचा

टूर्नामेंट हा सगळ्यांना सामावणारा शब्द. बरेच संघ किंवा खेळाडू, ठरलेले दिवस आणि शेवटी एक विजेता. दोनच देश पाच कसोटी खेळले तर तिला टूर्नामेंट म्हणत नाहीत, ती सिरीज. ‘क्लीन स्वीप’ आणि ‘व्हाइटवॉश’ हे सिरीजचे शब्द आहेत, ते टूर्नामेंटला लावू नका. लीगमध्ये संघ एकमेकांशी आळीपाळीने खेळतात आणि गुणतक्ता बनतो. धावण्या-फेकण्याच्या स्पर्धेला ‘अ‍ॅथलेटिक मीट’ म्हणतात. चॅम्पियनशिप हा शब्द दोन कामं करतो: स्पर्धेचं नावही तोच आणि विजेतेपदही तोच.

‘ओपन’ म्हणजे खुली. टेनिसच्या मोठ्या स्पर्धा १९६८ पासून व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या. तोवर त्या हौशी खेळाडूंपुरत्या होत्या, म्हणून त्यानंतरच्या काळाला ‘ओपन एरा’ म्हणतात. आपल्या गावच्या कबड्डी स्पर्धेतला ‘खुला गट’ आठवा, कल्पना तीच.

पायरी २: आत शिरायचं कसं

नाव नोंदवलं की ‘वी हॅव एंटर्ड द टूर्नामेंट.’ एंटर्डच्या पुढे ‘इन’ लावायची आपल्याला फार सवय आहे, ती मोडा. ‘इन’ हवाच असेल तर ‘वी आर टेकिंग पार्ट इन द टूर्नामेंट’ म्हणा. वयात बसत असाल तर तुम्ही ‘एलिजिबल’. वयोगट सांगताना ‘अंडर सेव्हन्टीन’ म्हणायचं. ‘बिलो सेव्हन्टीन’ म्हटलं तरी समजतं, पण तसं कोणी म्हणत नाही.

पात्र ठरण्यासाठी ‘क्वालिफाय फॉर’. दिव्या बटुमीत फायनलला पोचली आणि त्यामुळे जगज्जेतेपदाच्या आव्हानवीराची निवड करणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरली. इंग्रजीत: ‘शी क्वालिफाइड फॉर द कँडिडेट्स.’ मराठीतलं ‘साठी’ इथे सरळ ‘फॉर’ होतं, तेवढं धरून ठेवलं की चूक होत नाही.

‘क्वालिफायर’ हा शब्द मात्र जपून ऐका. पात्रता फेरीतला सामना म्हणजे क्वालिफायर आणि ती फेरी पार करून आलेला खेळाडूही क्वालिफायरच. ब्रिटनची एमा राडुकानू २०२१ ची यूएस ओपन ‘अ‍ॅज अ क्वालिफायर’ जिंकली. पात्रता फेरीतून येऊन एकेरीची ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिलीच. आयपीएलमधला क्वालिफायर वन आणखी वेगळा आहे. तो गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन संघांतला सामना असतो. जिंकणारा थेट फायनलला जातो आणि हरणाऱ्याला दुसरी संधी मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या संघातला सामना म्हणजे एलिमिनेटर, तिथे हरलेला घरी जातो.

पात्रता फेरी न खेळता आयोजकांच्या मर्जीने थेट प्रवेश मिळाला तर ती ‘वाइल्ड कार्ड’. गोरान इव्हानिसेविचने २००१ मध्ये वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डन जिंकलं. म्हणजे वाइल्ड कार्डला कमी लेखायचं कारण नाही.

पायरी ३: ड्रॉ लागला

इथे थोडं थांबू, कारण मुलांची सर्वांत जास्त गडबड याच कागदापाशी होते.

ड्रॉ म्हणजे मुळात चिठ्ठी काढणं. चिठ्ठ्या काढून कोण कोणाशी खेळणार ते ठरतं आणि त्यातून जो आराखडा तयार होतो त्यालाही ड्रॉच म्हणतात. ‘द ड्रॉ इज आउट’ म्हणजे तक्ता लागला. ‘हू हॅव यू ड्रॉन?’ म्हणजे तुमची गाठ कोणाशी पडली? उत्तर: ‘वी हॅव ड्रॉन पंजाब इन द फर्स्ट राउंड.’ पहिल्याच फेरीत तगडा संघ वाट्याला आला असेल तर ‘इट्स अ टफ ड्रॉ’ म्हणा. ठरलेल्या तारखेच्या आणि वेळेच्या सामन्याला ‘फिक्स्चर’ म्हणतात.

आता ‘सीड’. आपण वर्तमानपत्रात मानांकित, बिगरमानांकित असं वाचतो, ते हेच. शब्दशः सीड म्हणजे बी. शेतकरी बी एकाच जागी ओतत नाही, अंतर राखून पेरतो. तसेच तगडे खेळाडू तक्त्यात अंतर राखून ठेवतात, म्हणजे ते सुरुवातीलाच एकमेकांवर आदळत नाहीत. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात, त्यांतले ३२ सीडेड. पहिला आणि दुसरा सीड तक्त्याच्या दोन वेगळ्या अर्ध्यांत असतात, त्यामुळे त्यांची गाठ पडलीच तर फायनलमध्येच पडते. अशा अर्ध्याला ‘हाफ’ म्हणतात, वरचा ‘टॉप हाफ’ आणि खालचा ‘बॉटम हाफ’.

दिव्याला बटुमीत पंधरावं मानांकन होतं. हे तीन प्रकारे सांगता येतं: ‘शी वॉज सीडेड फिफ्टीन्थ’, ‘शी वॉज द फिफ्टीन्थ सीड’ आणि मैदानावर सर्रास, ‘शी वॉज सीड नंबर फिफ्टीन’. रँकिंग आणि सीड यांत गल्लत करू नका. रँकिंग वर्षभर तुमच्यासोबत असतं. सीड त्या स्पर्धेपुरता असतो, स्पर्धा संपली की तोही संपला.

आणि आता तो ‘बाय’. स्पेलिंग बी-वाय-ई. बाद पद्धतीत खेळाडूंची संख्या २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ यांपैकी एक असेल तरच सगळ्या जोड्या नीट लागतात. बटुमीत १०७ खेळाडू होत्या. जवळची मोठी संख्या १२८. १२८ मधून १०७ वजा केले की उरतात २१, आणि नेमक्या २१ अव्वल सीडना पहिल्या फेरीत बाय मिळाला. पंधरावी दिव्या त्यांतली एक, म्हणून तिची स्पर्धा दुसऱ्या फेरीपासून सुरू झाली: ‘शी हॅड अ बाय इन द फर्स्ट राउंड.’ तुमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत ११ संघ असतील तर १६ वजा ११, म्हणजे पाच बाय. हा हिशोब मुलांकडून एकदा कागदावर करून घ्या, मग बाय ऐकून कोणी बॅग उचलणार नाही. सोबत आणखी एक हिशोब शिकवा. बाद पद्धतीत एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एकने कमी असतात, कारण प्रत्येक सामना एकेक संघ बाहेर काढतो आणि शेवटी एकच उरतो.

पायरी ४: ‘पुढे चाल’चे वेगवेगळे अर्थ

मराठीत आपण ‘पुढे चाल मिळाली’ म्हणतो आणि त्यात सगळं उरकतो. इंग्रजीत मात्र कारण सांगावं लागतं.

समोर प्रतिस्पर्धी ठेवलाच नव्हता, तर तो बाय. प्रतिस्पर्धी होता पण आला नाही किंवा उतरलाच नाही, तर तो ‘वॉकओव्हर’. तुम्हाला मिळाला तर ‘वी गॉट अ वॉकओव्हर’, तुम्ही दिलात तर ‘वी गेव्ह देम अ वॉकओव्हर’. सामना सुरू झाला आणि दुखापतीमुळे मध्येच सोडला, तर ‘रिटायर्ड’. या शब्दाने नवखे लोक हमखास चकतात, त्यांना वाटतं खेळाडू निवृत्त झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायना नेहवालच्या कांस्यपदकाच्या लढतीत चीनच्या वांग शिनने पहिला गेम जिंकला होता. मग गुडघ्याने दगा दिला आणि दुसऱ्या गेमच्या सुरुवातीलाच तिला थांबावं लागलं. ‘वांग रिटायर्ड इन द सेकंड गेम.’ सायनाला पदक मिळालं ते या शब्दावर. त्याला वॉकओव्हर म्हटलं तर चूक ठरेल, कारण सामना खेळला गेला होता.

चौथा शब्द जड आहे: ‘डिसक्वालिफाइड’, म्हणजे अपात्र ठरवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट कुस्तीच्या ५० किलो गटाच्या फायनलला पोचली होती. फायनलच्या सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती डिसक्वालिफाय झाली. खेळाडूंचं वजन घेण्याला ‘वेइन’ म्हणतात. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो खेळणाऱ्या मुलांनी हा शब्द आणि त्याची वेळ ही दोन्ही पाठ ठेवावीत. विनेशबद्दल बोलताना ‘शी लॉस्ट’ म्हणू नका, ती फायनल हरली नाही. ‘शी वॉज डिसक्वालिफाइड’ म्हणा. कोणता शब्द वापरतो यावर इथे एका खेळाडूच्या मानाचा प्रश्न आहे.

पायरी ५: फेऱ्या चढताना

पहिली फेरी म्हणजे फर्स्ट राउंड, मग सेकंड, थर्ड. सोळा उरले की भारतात ‘प्री-क्वार्टरफायनल’ म्हणतात, आपल्या वर्तमानपत्रांत उपउपांत्यपूर्व. परदेशात मात्र ‘राउंड ऑफ सिक्स्टीन’ किंवा ‘द लास्ट सिक्स्टीन’ जास्त ऐकू येतं. आठ उरले की क्वार्टरफायनल, चार उरले की सेमीफायनल. अमेरिकन माणूस ‘सेमाय’ म्हणतो, गोंधळू नका.

क्रियापदांत ‘रीच’ पक्कं करा. ‘वी रीच्ड द सेमीफायनल.’ मध्ये ‘टू’ नको. ‘टू’ हवा असेल तर ‘वी गॉट टू द सेमीफायनल’ किंवा ‘वी आर थ्रू टू द सेमीफायनल’. शेवटचं वाक्य सामना संपल्या संपल्या घरी फोन करून सांगण्याचं आहे, ताज्या आनंदाचं. आव्हान संपलं तर ‘वी वेअर नॉक्ड आउट इन द क्वार्टरफायनल.’ कोणी हरवलं ते जोडायचं तर पुढे ‘बाय केरला’. हा बाय वेगळा, स्पेलिंग बी-वाय.

दिव्याने चौथ्या फेरीत चीनच्या झू जिनरला हरवलं. झू दुसरी सीड, दिव्या पंधरावी. अशा निकालाला इंग्रजीत ‘अपसेट’ म्हणतात. आपण मराठीत ‘तो अपसेट आहे’ म्हणतो तो नाराजीचा अर्थ इथे नाही. ‘इट वॉज अ बिग अपसेट’ म्हणजे मोठा धक्कादायक निकाल. क्रिकेटमधला सर्वांत लाडका अपसेट म्हणजे १९८३. वेस्ट इंडिज १९७५ आणि १९७९ चे विजेते, म्हणजे ‘डिफेंडिंग चॅम्पियन्स’. भारत ‘अंडरडॉग’. भारताने १८३ केले आणि समोरच्यांना १४० मध्ये गुंडाळलं. अंडरडॉग हा अपमान नाही, त्यात कौतुक आहे. ‘वी आर द अंडरडॉग्ज’ असं खेळाडू स्वतःच अभिमानाने म्हणतात.

कुस्तीच्या मुलांसाठी खास शब्द: ‘रेपेशाज’. फ्रेंचमधून आलाय, उच्चारात शेवटी ‘ज’ मऊ. तुम्हाला हरवणारा मल्ल फायनलला गेला तर तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा दार उघडतं. सुशील कुमारचं २००८ चं आणि साक्षी मलिकचं २०१६ चं ऑलिंपिक कांस्यपदक रेपेशाजमधूनच आलं. हरल्यावर लगेच बूट सोडू नका, आधी विचारा: ‘अ‍ॅम आय इन द रेपेशाज?’

पायरी ६: जिंकलो, हरवलं, हरलो

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

मराठीत जिंकणं आणि हरवणं ही दोन क्रियापदं आहेत, इंग्रजीतही दोन आहेत. ‘विन’ करतात सामना, स्पर्धा, पदक, नाणेफेक. ‘बीट’ करतात माणसाला किंवा संघाला. आपली मुलं उत्साहात सांगतात, ‘वी वन हरियाणा.’ त्याचा अर्थ होतो, आम्हाला हरियाणा बक्षीस मिळालं. म्हणायचं असतं, ‘वी बीट हरियाणा.’ बीटचं भूतकाळी रूपही बीटच, बदल नाही. आणि विनचं भूतकाळी रूप डब्ल्यू-ओ-एन लिहितात, पण उच्चार ‘वन’, अगदी आकड्यातल्या एकासारखा. ‘वॉन’ म्हणायची सवय आपल्याकडे शिक्षकांनाही आहे.

हरण्यासाठी ‘लूझ’, भूतकाळ ‘लॉस्ट’. कोणाकडून हरलो ते ‘टू’ने सांगायचं: ‘वी लॉस्ट टू तमिळनाडू.’ मराठीतल्या ‘कडून’मुळे ‘फ्रॉम’ किंवा ‘बाय’ तोंडात येतं, ते गिळा. ‘लॉस्ट’सोबत ‘बाय’ फरकासाठी राखून ठेवा: ‘वी लॉस्ट बाय टू पॉइंट्स.’ आणि लूझमध्ये एकच ओ. दोन ओ लिहिले की तो ‘लूस’ होतो, म्हणजे सैल. मोबाइलवर लिहिताना ही चूक फार होते.

गुण सांगताना जिंकणाऱ्याचा आकडा आधी. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं: ‘पुणेरी पलटण बीट हरियाणा स्टीलर्स ट्वेंटी-एट ट्वेंटी-फाइव्ह.’ मध्ये ‘टू’ घातला तरी चालतो. फरक सांगायचा तर ‘बाय थ्री पॉइंट्स’. कबड्डीच्या मुलांनी लक्षात ठेवावं, आपण ज्याला लोण म्हणतो त्याला प्रो कबड्डीच्या समालोचनात ‘ऑल आउट’ म्हणतात. खो-खोतही फरक असाच सांगतात: २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० हरवलं, म्हणजे ‘बाय थर्टी-एट पॉइंट्स’. आपल्याकडे खो-खोत ‘एक डाव आणि चार गुणांनी’ जिंकतात, त्याचं इंग्रजी ‘बाय अ‍ॅन इनिंग्ज अँड फोर पॉइंट्स’. क्रिकेटमध्ये आधी फलंदाजी करणारा ‘बाय फॉर्टी-थ्री रन्स’ जिंकतो आणि पाठलाग करणारा ‘बाय सिक्स विकेट्स’.

शून्याला खेळागणिक नाव बदलतं. फुटबॉल-हॉकीत ‘निल’, टेनिस-बॅडमिंटनमध्ये ‘लव्ह’. समसमान असेल तर ‘ऑल’: ‘वन ऑल’, ‘ट्वेंटी ऑल’.

पायरी ७: बरोबरीचा गुंता

ड्रॉचा एक अर्थ वर आला, चिठ्ठ्यांचा. दुसरा अर्थ बरोबरी. ‘द मॅच वॉज अ ड्रॉ’ किंवा ‘वी ड्रू वन ऑल’. ड्रॉचं भूतकाळी रूप ‘ड्रू’. फुटबॉल, हॉकी, बुद्धिबळ या खेळांत बरोबरीला ड्रॉ म्हणा आणि निश्चिंत राहा.

क्रिकेटमध्ये मात्र ड्रॉ आणि टाय या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ संपली आणि निकाल लागला नाही, तर ड्रॉ. दोघांच्या धावा नेमक्या सारख्या आणि डाव पूर्ण, तर टाय. कसोटीच्या इतिहासात टाय दोनदाच झाला: १९६० मध्ये ब्रिस्बेनला आणि १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासला. ड्रॉ मात्र शेकड्यांनी झाले आहेत.

मग टायचा तिसरा अर्थ, जो ऐकून मला स्वतःला बराच वेळ कळला नव्हता. इंग्लंडमधल्या फुटबॉल चषकात ‘टाय’ म्हणजे सामना. टेनिसच्या डेव्हिस कपमध्ये आणि बॅडमिंटनच्या थॉमस कपमध्ये टाय म्हणजे दोन देशांमधली पूर्ण लढत, जिच्या पोटात बरेच सामने असतात. थॉमस कपमध्ये ते पाच. २०२२ च्या मे महिन्यात भारताने बँकॉकला थॉमस कपच्या फायनलमध्ये इंडोनेशियाला हरवलं तेव्हा वाक्य होतं, ‘इंडिया वन द टाय थ्री-निल.’ बरोबरीशी त्याचा संबंध नाही. लक्ष्य सेन जिंकला, सात्त्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी दुहेरीत जिंकले, श्रीकांत जिंकला आणि उरलेले दोन सामने खेळायची गरजच पडली नाही.

बरोबरी सोडवण्याच्या पद्धतीला ‘टायब्रेक’ म्हणतात. बटुमीची फायनल नागपूरची दिव्या आणि आंध्रची कोनेरू हंपी यांच्यात झाली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांच्या टायब्रेकमध्ये दिव्याने दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने बाजी मारली. ‘द क्लासिकल गेम्स वेअर ड्रॉन, अँड दिव्या वन इन द टायब्रेक.’ याच एका विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला, ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर.

फुटबॉलमध्ये ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर १५-१५ मिनिटांचा ‘एक्स्ट्रा टाइम’. पंच ९० मिनिटांच्या शेवटी चार-पाच मिनिटं वाढवतात तो ‘स्टॉपेज टाइम’. या दोघांत फार जण घोळ करतात. त्यानंतरही बरोबरी तर ‘पेनल्टी शूटआउट’, आणि तिथे ‘ऑन’ वापरा: ‘अर्जेंटिना वन ऑन पेनल्टीज.’ २०२२ च्या विश्वचषकाची फायनल फ्रान्सशी ३-३ होती, शूटआउट ४-२. क्रिकेटमध्येही हाच ‘ऑन’ येतो. लॉर्ड्सवर १४ जुलै २०१९ ला इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांचे २४१, सुपर ओव्हरमध्ये दोघांचे १५. शेवटी २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या मोजणीवर निकाल लागला: ‘इंग्लंड वन ऑन बाउंड्री काउंट.’ त्यानंतर नियमच बदलला. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर होतात.

पायरी ८: साखळीचं गणित

साखळी म्हणजे ‘राउंड रॉबिन’ किंवा ‘लीग स्टेज’, गटांत विभागली असेल तर ‘ग्रूप स्टेज’. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात दहा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले, म्हणजे ४५ सामने. भारताने नऊपैकी नऊ जिंकले: ‘इंडिया टॉप्ड द टेबल.’ क्रिकेटमध्ये ‘पॉइंट्स टेबल’ म्हणतात, अमेरिकन लोक ‘स्टँडिंग्ज’. गुण सारखे झाले तर क्रिकेटमध्ये ‘नेट रन रेट’ पाहतात, फुटबॉलमध्ये बहुतेकदा ‘गोल डिफरन्स’, आणि काही स्पर्धांत आधी ‘हेड टु हेड’, म्हणजे त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते.

ज्या सामन्याच्या निकालाने कोणाचंच काही बदलणार नाही तो ‘डेड रबर’. हरलो तर संपलो असा असेल तर ‘मस्ट-विन मॅच’. गटातले शेवटचे सामने फुटबॉल विश्वचषकात एकाच वेळी सुरू होतात, त्याचं कारणही सांगून टाकते. १९८२ मध्ये स्पेनच्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले तेव्हा त्याच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच झालेला होता. जर्मनी १-० जिंकली की दोघंही पुढे जाणार हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि मग उरलेला वेळ नुसता घालवला गेला. अल्जीरिया बाहेर. पुढच्या विश्वचषकापासून शेवटचे सामने एकत्र ठेवू लागले. ‘अल्जीरिया वेंट आउट ऑन गोल डिफरन्स.’

पायरी ९: आता बोला

विजेता ‘विनर’ किंवा ‘चॅम्पियन’, दुसरा ‘रनर-अप’. संघ असेल तर ‘रनर्स-अप’, एस मध्ये लागतो. विजेतेपद म्हणजे ‘टायटल’. गेल्या वर्षीचं राखलं तर ‘दे रिटेन्ड द टायटल’, राखण्यासाठी उतरले असतील तर ‘दे आर डिफेंडिंग द टायटल’.

जेवणाच्या रांगेतला संवाद घरी दोघांनी मिळून मोठ्याने म्हणा. मी मुलांकडून अशी जोडी करून घेते:

‘हाउ डिड यू डू टुडे?’
‘वी बीट ओडिशा. वी आर थ्रू टू द क्वार्टरफायनल.’
‘ग्रेट! हू आर यू प्लेइंग नेक्स्ट?’
‘कर्नाटका. दे आर द टॉप सीड्स. अँड यू?’
‘वी लॉस्ट टू दिल्ली बाय वन पॉइंट.’
‘ओ, हार्ड लक.’

शेवटचे दोन शब्द जरूर शिकवा. हरलेल्याला ‘सॉरी’ म्हटलं तर ते अपराध केल्यासारखं वाटतं, ‘हार्ड लक’ किंवा ‘बॅड लक’ म्हणजे थोडक्यात हुकलं, मनाला लावून घेऊ नकोस.

रोजच्या सरावासाठी मराठी वर्तमानपत्राचं क्रीडापान पुरेसं आहे. एक मथळा घ्या आणि इंग्रजीत बोलून सांगा. पहिला मी देते: ‘पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता.’ मार्च २०२५, नागपूर, समोर केरळ, आघाडी ३७ धावांची. यात सामना ड्रॉ आहे, तरी विजेता आहे, म्हणून वर शिकलेलं इथे पणाला लागतं. आधी स्वतः करून पाहा, मग हे वाचा: ‘द फायनल वॉज ड्रॉन, बट विदर्भ बीट केरला ऑन फर्स्ट-इनिंग्ज लीड अँड वन देअर थर्ड रणजी टायटल.’ या वाक्यात एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे. सामना ड्रॉ झाला असेल तर ‘बीट’ येऊ शकत नाही. ‘बीट केरला’ काढा आणि ‘वन देअर थर्ड रणजी टायटल ऑन फर्स्ट-इनिंग्ज लीड’ असं करा.